टोकारेव्ह पिस्तुलाचा घोडा पडतो, पण बार उडत नाही : तपासणी कोठून सुरू करावी आणि कोठे थांबवावी

लक्षणे

चाप ओढल्यावर घोडा नेहमीसारखा आवाज करून पुढे पडतो, मात्र बार उडत नाही. स्लाइड (पिस्तुलाचा पुढेमागे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून काडतूस बाहेर काढले, तर त्याच्या बुडातील प्राइमरवर (ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या टोपीवर) फायरिंग पिनेचा, म्हणजे घोड्याचा आघात पुढे नेणाऱ्या सळीचा, ठसा दिसतो, पण तो उथळ असतो. व्यवस्थित उडालेल्या पुंगळीवरचा ठसा शेजारी ठेवून पाहिला की फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. हा दोष बहुधा सलग येत नाही. आठ काडतुसांच्या मॅगझिनमधले एखादे फुसके जाते, पुढचे मॅगझिन पूर्ण चालते आणि त्यानंतर लागोपाठ दोन काडतुसे अडतात. कधी तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडते. थंडीच्या दिवसांत, विशेषतः उघड्या रेंजवर, दोषाचे प्रमाण वाढते आणि उन्हाळ्यात तो आपोआप गेल्यासारखा वाटतो.

याच्याशी मिळतीजुळती वाटणारी तीन लक्षणे वेगळी धरावीत. प्राइमरवर ठसा मुळीच नसेल, तर पिन तुटलेली किंवा जागीच अडकलेली असण्याची शक्यता मोठी असते. ठसा खोल आहे पण मध्यभागापासून स्पष्ट सरकलेला आहे, असे असेल तर प्रश्न नळी आणि स्लाइड यांच्या परस्पर जुळणीचा असू शकतो. आणि चाप ओढूनही घोडा पडतच नसेल, तर तो दोष या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याचे मूळ चाप, सिअर (चढवलेला घोडा धरून ठेवणारा भाग) किंवा आयातीच्या वेळी बसवलेली सेफ्टी यांत शोधावे लागते.

या लेखातील पिस्तूल म्हणजे सोव्हिएत टीटी-३३ आणि तिच्या आराखड्यावर बनलेली भावंडे. फ्योदोर टोकारेव्ह यांनी तुला येथे हे पिस्तूल घडवले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रोमानिया, पोलंड, हंगेरी, युगोस्लाव्हिया, चीन अशा अनेक देशांनी ते आपापल्या कारखान्यांत तयार केले. अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी एक म्हणजे रोमानियातील कुजिर येथे १९५० च्या दशकात बनलेले टीटीसी. सैन्याच्या गोदामांत ही पिस्तुले घट्ट ग्रीसमध्ये बुडवून दशकानुदशके पडून होती, आणि या लेखातील दोषाचा बराचसा उगम त्या साठवणुकीतच आहे. मी ओहायोत राहतो आणि आमच्या रेंजवरील ओळखीच्या लोकांची अशी पिस्तुले गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. ही तक्रार आली की मालक एकतर काडतुसांना दोष देतो किंवा थेट नवी स्प्रिंग मागवतो. काही वेळा त्याचे बरोबर असते. बहुतेक वेळा दोष त्या दोहोंच्या मध्ये, पिनेच्या वाटेत साचलेला असतो.

रेंजवर बार उडाला नाही, तर त्या क्षणी काय करावे

कोणत्याही तपासणीपूर्वी हे पक्के असले पाहिजे. बार उडाला नाही म्हणजे काडतूस निकामी झाले, असे गृहीत धरता येत नाही. जुन्या दारूगोळ्यात प्राइमर पेटून आतील दारू काही क्षण उशिराने पेट घेऊ शकते, आणि तेवढ्यात स्लाइड उघडली तर पुंगळी चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या) आधाराविना फुटते. म्हणून नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, बोट चापावरून काढावे, आणि त्यानंतरच मॅगझिन काढून काडतूस बाहेर घ्यावे. हे पिस्तूल उघड्या घोड्याचे असल्यामुळे घोडा अंगठ्याने पुन्हा चढवून दुसरा ठोका देता येतो. रेंजच्या नियमांत ते बसत असेल, तर ३० सेकंदांनंतर एकदाच तसे करावे, कारण त्यातून निदानाला उपयोगी माहिती मिळते. बाहेर काढलेली फुसकी काडतुसे खिशात टाकू नयेत आणि चांगल्या काडतुसांत मिसळू देऊ नयेत. बहुतेक रेंजवर त्यांच्यासाठी वेगळा डबा असतो; त्यात टाकण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुडाचा जवळून फोटो काढून ठेवावा.

एखाद्या वेळी नेहमीच्या कडकडाटाऐवजी फुस्स असा दबका आवाज आला आणि हाताला झटका जाणवला नाही, तर सराव तेथेच थांबवावा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढचा बार काढणे म्हणजे नळी फोडून घेणे होय. वर सांगितलेली ३० सेकंदांची वाट पाहून पिस्तूल रिकामे करावे, त्याचे भाग सुटे करावेत आणि नळीतून आरपार उजेड दिसतो याची खात्री करावी. उजेड दिसला नाही तर पुढचे काम कारागिराचे आहे.

पहिली तपासणी : ठसा वाचणे

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि हत्यारही लागत नाही, फक्त एक भिंग लागते. तरीही ती टाळून लोक पुढच्या खर्चिक उपायांकडे वळतात, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण पुढील सगळ्या पायऱ्यांची दिशा येथेच ठरते. फुसक्या काडतुसांचे फोटो आणि त्याच दिवशी उडालेल्या चार-सहा पुंगळ्या समोर ठेवाव्यात. उडालेल्या पुंगळ्यांवरील ठसेसुद्धा एकमेकांपेक्षा कमीजास्त खोल असतील, तर पिनेवर बसणारा आघात प्रत्येक वेळी बदलतो आहे, म्हणजे दोष पिस्तुलात आहे. उडालेल्या सर्व पुंगळ्यांवरील ठसे सारखे खोल असतील आणि फुसक्या काडतुसांवरही तितकाच खोल ठसा असेल, तर पिस्तुलाने आपले काम केलेले आहे आणि दोष काडतुसाचा आहे.

दुसऱ्या ठोक्याला उडालेल्या काडतुसाचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्या शक्यतेत प्राइमर आपल्या खोबणीत पूर्ण बसलेला नसतो. पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. दुसऱ्या शक्यतेत स्लाइड पुढे येताना अगदी शेवटच्या टप्प्यात थबकलेली असते. ती अर्धवट थांबली तर घोडा पडूच नये अशी योजना या यंत्रणेत आहे, पण अंतर अगदी थोडे उरले असेल तर घोडा पडतो आणि त्याची शक्ती पिनेऐवजी स्लाइड पुढे रेटण्यात जाते. त्यानंतर पाहिले तर स्लाइड नीट बंद दिसते, म्हणून हा प्रकार लक्षात येत नाही. तो पकडायचा असेल तर चाप ओढण्यापूर्वी स्लाइडची आणि सांगाड्याची मागची कड एका रेषेत आहे का, हे प्रत्येक बाराला पाहण्याची सवय काही दिवस लावून घ्यावी.

दुसरी तपासणी : काडतूस बदलून पाहणे

या पिस्तुलाचे काडतूस ७.६२×२५ मिलिमीटरचे आहे. बाजारात ते दोन प्रकारांत मिळते : पूर्व युरोपातील सैन्यांचा जुना साठा, आणि सर्बियातील प्रवी पार्टिझान किंवा चेक प्रजासत्ताकातील सेलिए अँड बेलो यांसारख्या कारखान्यांचा नवा माल. जुन्या साठ्याचे प्राइमर वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या परिस्थितीत साठवलेले असतात. त्यांतले काही इतके टणक असतात की निरोगी पिस्तुलालाही ते पहिल्या ठोक्यात पेटवता येत नाहीत. हाच दारूगोळा सबमशीनगनमध्येही वापरला जाई आणि तिचा बोल्ट टोकारेव्हच्या घोड्यापेक्षा कितीतरी जड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

म्हणून नव्या कारखानी काडतुसांचा एक डबा घ्यावा आणि तो संपूर्ण एकाच बैठकीत, त्याच पिस्तुलातून चालवावा. एकही बार चुकला नाही तर पिस्तूल सुटे करण्याची घाई नको. जुना साठा बाजूला ठेवून प्रश्न मिटतो. नव्या डब्यातलीही काडतुसे अडली तर दोष पिस्तुलाकडे आहे हे ठरते आणि पुढचा सगळा खर्च योग्य जागी होतो. काही संग्राहक दोन्ही प्रकार मिसळून मॅगझिन भरतात. तसे केल्यास कोणते काडतूस कोठून आले हे नंतर कळत नाही आणि चाचणी वाया जाते.

जुन्या साठ्याविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगणे आवश्यक आहे. त्यातील पुष्कळशा प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार मागे राहतो, तो हवेतील ओल शोषतो आणि लोखंडाला गंज चढवतो. बंदुकीच्या नेहमीच्या तेलात हा क्षार विरघळत नाही. तो पाण्यात विरघळतो. म्हणून अशी काडतुसे चालवल्यावर त्याच दिवशी नळी, स्लाइडचा काडतुसाला टेकणारा पृष्ठभाग आणि पिनेचे छिद्र गरम पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे आणि मगच नळीला व पृष्ठभागाला तेलाचा पातळ हात द्यावा. बहुतेक जण नळी धुतात आणि पिनेचे छिद्र विसरतात. त्या छिद्रात गंज धरला की पिनेचे टोक घासत पुढे जाते आणि याच लेखातील दोष काही महिन्यांनी नव्याने उभा राहतो.

तिसरी तपासणी : पिनेची वाट आणि घोड्याचे पोट

माझ्याकडे आलेल्या पिस्तुलांपैकी बहुतेकांचा दोष या पायरीवर संपला, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

साठवणुकीसाठी वापरलेले कॉस्मोलिन किंवा तत्सम ग्रीस हे खनिज तेलापासून केलेले मेणासारखे द्रव्य आहे. ताजे असताना ते मऊ असते. वर्षे उलटली की त्यातील हलके घटक उडून जातात आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो. पिस्तूल विकत घेताना बाहेरून ते स्वच्छ पुसलेले असते, नळीही चकचकीत दिसते, पण पिन ज्या बोगद्यातून पुढेमागे सरकते त्या बोगद्यापर्यंत कोणाचा हात गेलेला नसतो. थिजलेल्या तुपात चमचा अडावा तशी पिन त्या थरात अडते. घोड्याचा आघात पूर्ण असतो, पण त्यातला मोठा भाग ग्रीस बाजूला सारण्यात खर्च होतो. थंडीत दोष वाढतो तो याचमुळे, आणि म्हणूनच उन्हाळ्यात तो गेला असे समजून गप्प बसणे चुकीचे ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे घेऊन चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाच्या टोकाने चाचपावे. त्यानंतर सांगाड्याच्या उजव्या बाजूची चिमट्यासारखी पट्टी मागे सरकवावी. मॅगझिनच्या बुडाची कड त्यासाठी पुरते. मग स्लाइड अडवणारा खटका डावीकडून बाहेर घ्यावा आणि स्लाइड हाताने आवरून धरत पुढून काढून घ्यावी, कारण आतील रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे आणणारी) दाबलेली असते. स्लाइड निघाल्यावर घोडा आणि सिअर ज्यात बसवले आहेत तो संपूर्ण गट सांगाड्यातून वर उचलून घेता येतो. टोकारेव्हच्या रचनेतील ही फार मोठी सोय आहे आणि आपल्या कामाला ती थेट उपयोगी पडते.

आता स्लाइड तोंडाकडे उतरती धरावी, मागच्या बाजूने पिनेच्या भोवती मिनरल स्पिरिटचे (रंग पातळ करायला वापरतात त्या द्रवाचे) थेंब सोडावेत आणि लाकडी काडीने पिन मागून वारंवार दाबावी. मिनरल स्पिरिट हाताशी नसेल तर साधे रॉकेल चालते, मात्र खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. पिनेचे टोक प्रत्येक दाबाला पुढे डोकावले पाहिजे आणि काडी काढताच झटक्यात मागे गेले पाहिजे. ते सावकाश मागे जात असेल किंवा बाहेरच राहत असेल, तर दोष सापडला असे समजावे. पुढच्या छिद्रातून सुरुवातीला तपकिरी द्रव गळतो. तो स्वच्छ येईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. घट्ट थर सुटत नसेल तर स्लाइड रात्रभर त्याच द्रवात बुडवून ठेवावी. पिन आडव्या खिळीने अडवलेली असते आणि ती खिळी योग्य मापाच्या पंचने (खिळी ठोकून काढण्याच्या सळईने) काढता येते. पण पंच नसेल, स्लाइड धरायला मऊ तोंडाचा शेगडा (व्हाइस) नसेल, किंवा खिळीच्या टोकाला पूर्वीच्या कोणी दिलेले ठोके दिसत असतील, तर ती काढण्याचा आग्रह धरू नये. धुण्याने बहुतेक वेळा भागते.

दुसरी जागा तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. पुष्कळ पिस्तुलांत घोड्याची स्प्रिंग मुठीत असते. टोकारेव्हमध्ये ती घोड्याच्या पोटातच बसवलेली आहे. त्या पोकळीत ग्रीस साचून घट्ट झाले की स्प्रिंग पूर्ण वेगाने उलगडत नाही आणि घोडा किंचित मंद पडतो, इतका किंचित की डोळ्याला कळत नाही आणि आवाजही बदलत नाही. वर उचललेला घोड्याचा गट तसाच मिनरल स्पिरिटमध्ये बुडवावा, घोडा हाताने आवरून धरत हळूहळू पुढेमागे फिरवावा आणि दाबाच्या हवेने पोकळी मोकळी करावी. गट सांगाड्याबाहेर असताना घोडा चढवून मोकळा सोडू नये. त्याला आत अडवणारे काही नसते आणि भागांना इजा होते.

धुतल्यानंतर पिनेची वाट कोरडी ठेवावी. येथे तेल घालण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण तेल जळलेल्या दारूची काजळी धरून ठेवते, थंडीत दाट होते आणि आपण काढलेला थर काही महिन्यांत पुन्हा तयार करते. घोड्याच्या फिरण्याच्या जागी एक बारीक थेंब पुरे.

परिणाम पाहण्यासाठी एक साधी चाचणी करता येते. पिस्तूल जुळवून, ते रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून, नळीत सहज सरकेल अशी गोल लाकडी काडी तोंडाकडून आत सोडावी, म्हणजे तिचे खालचे टोक पिनेच्या छिद्रावर टेकते. तोंड वर आणि जिकडे कोणी नाही अशा पक्क्या भिंतीकडे तिरके धरून, चेहरा बाजूला ठेवून चाप ओढला की काडी उडते. धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर हीच काडी किती वर जाते, याची तुलना करावी. मोजमाप काटेकोर नसते, पण फरक मोठा असेल तर तो लपत नाही. चाचणी मोजक्याच वेळा करावी. जुन्या पिनांना रिकाम्या चेंबरवर वारंवार आपटणे मानवत नाही. याच काडतुसाच्या चेक व्हीझेड ५२ पिस्तुलाची मूळ पिन तर अशा रिकाम्या ठोक्यांनी तुटते हे सर्वांना माहीत आहे, तेव्हा त्या पिस्तुलावर ही चाचणी करूच नये.

चौथी तपासणी : स्लाइड पूर्ण मिटते का

येथे फार वेळ लागत नाही. नळी हातात घेऊन चेंबर उजेडात पाहावे. जुन्या काडतुसांवरच्या लाखेचा थर किंवा वितळलेले ग्रीस चेंबरच्या खांद्यापाशी साचले असेल, तर काडतूस शेवटपर्यंत बसत नाही. तांब्याच्या ब्रशने आणि त्याच द्रवाने चेंबर घासावे. नंतर पिस्तूल जुळवून, रिकामे असताना स्लाइड थोडी मागे घेऊन हळूच पुढे सोडावी. ती शेवटच्या टप्प्यात थांबत असेल तर रिकॉइल स्प्रिंग थकलेली असू शकते. नवी स्प्रिंग काही डॉलरांत मिळते आणि सुटे करून जुळवता येणारा कोणीही ती बसवू शकतो.

पाचवी तपासणी : घोड्याची स्प्रिंग

आधीच्या चारही पायऱ्या झाल्या, नवी काडतुसे वापरली, पिनेची वाट कोरडी आणि मोकळी आहे, स्लाइड पूर्ण मिटते आहे आणि तरीही ठसा उथळच येतो, तेव्हाच घोड्याच्या स्प्रिंगकडे वळावे. सत्तर वर्षांची स्प्रिंग मऊ पडणे अस्वाभाविक नाही. पण ती बदलण्यासाठी गटातील खिळी काढून घोडा सोडवावा लागतो, दाबलेली स्प्रिंग आवरावी लागते आणि सर्व भाग त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. ज्याने असे काम पूर्वी केलेले नाही, त्याने ते पहिल्यांदा स्वतःच्या पिस्तुलावर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंग ओढून लांब करण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. तो करू नये. ओढलेली स्प्रिंग काही दिवस जोर धरते आणि मग पूर्वीपेक्षा लवकर बसते, शिवाय तिचे वेढे असमान होऊन घोड्याच्या पोटात घासू लागतात. मूळ मापापेक्षा फार कडक स्प्रिंग घालणेही योग्य नाही, कारण सिअरच्या कडेवर त्यामुळे जास्त भार येतो आणि चाप जड होतो. तो हलका करण्यासाठी पुढे कोणी सिअर घासायला बसले, तर पिस्तूल हातात असताना आपोआप उडण्याइतके धोकादायक होऊ शकते. सिअर आणि घोड्याची खाच यांना कानस लावायची नाही, हा नियम या लेखात कोठेही अपवाद सोडत नाही.

सेफ्टीविषयी एक खुलासा येथे करतो. मूळ टीटी-३३ मध्ये वेगळी सेफ्टी नव्हती; घोडा अर्धा चढवून ठेवण्याची खाच एवढीच योजना होती. अमेरिकेत आयात करताना १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखालील निकषांसाठी पिस्तुलांवर हाताने फिरवायची सेफ्टी नंतर बसवली गेली. फुसक्या बाराचे खापर काही जण तिच्यावर फोडतात आणि ती काढून टाकतात. ती चाप अडवते, पिनेचा आघात कमी करत नाही. ती काढून हा दोष जात नाही. अर्ध्या खाचेवर विसंबून चेंबरमध्ये काडतूस ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

कोठे थांबावे

खाली सांगितलेल्यांपैकी काहीही दिसले, तर घरचे काम तेथेच बंद करून परवानाधारक गनस्मिथकडे जावे. पिनेचे टोक तुटलेले, चपटे किंवा धारदार झालेले असेल. धारदार टोक प्राइमर फोडते आणि गरम वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. ठसा मध्यभागापासून सरकलेला असेल. स्लाइडवर, विशेषतः पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीच्या कोपऱ्यांपाशी, केसासारखी बारीक भेग दिसत असेल. नळीवरील अडकवणारी खोबणी किंवा तिच्याखालची झुलती कडी झिजून गोलसर झाली असेल.

उडालेल्या पुंगळ्यांचे प्राइमर बाहेर डोकावत असतील, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. हे काडतूस बाटलीसारख्या खांद्याचे असून चेंबरमध्ये ते त्या खांद्यावर टेकते. खांदा आणि स्लाइडचा पृष्ठभाग यांमधले अंतर प्रमाणाबाहेर वाढले, तर पिनेच्या ठोक्याने काडतूस पुढे सरकते आणि ठसा उथळ येतो, म्हणजे लक्षण तेच दिसते, पण कारण पूर्ण वेगळे आणि कितीतरी धोक्याचे असते. सैन्याच्या दुरुस्ती आगारांत भागांची अदलाबदल होत असे, म्हणून नळी, स्लाइड आणि सांगाडा यांवरील क्रमांक जुळत नसतील तर ही शंका पहिल्याच दिवशी घ्यावी आणि पिस्तूल चालवण्यापूर्वीच अंतर तपासून घ्यावे. ते मोजण्यासाठी खास गेज लागतात, आणि गेज चुकीचे वापरून ‘ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे हे न मोजण्यापेक्षा वाईट असते.

भारतातील वाचकांसाठी कायद्याची बाजू निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि शस्त्रांची दुरुस्ती करण्यासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे महाराष्ट्रात कोणाकडे परवान्यावरचे जुने पिस्तूल असेल आणि त्याला हाच दोष जडला असेल, तर त्यांनी ठसा वाचण्यापर्यंतचे निरीक्षण करावे आणि पुढचे सर्व काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे सोपवावे.

गनस्मिथकडे जाताना पिस्तूल रिकामे करून बंद पेटीत न्यावे आणि काडतुसे वेगळी ठेवावीत. सोबत त्याच दिवसाच्या उडालेल्या पुंगळ्या, फुसक्या काडतुसांच्या बुडांचे फोटो, काडतुसांच्या डब्याचे लेबल आणि कोणत्या पायऱ्या केल्या याची लेखी टिपण द्यावी. हवामान थंड होते की उबदार, दुसऱ्या ठोक्याला किती काडतुसे उडाली आणि स्लाइड प्रत्येक वेळी पूर्ण मिटलेली होती का, हे तिच्यात अवश्य असावे. फुसकी काडतुसे मात्र स्वतः घेऊन जाऊ नयेत. ती रेंजवरच्या डब्यातच राहू द्यावीत.